सहकुटुंब मुख्यालयी

माझ्या पीएच.डी.चा विषय 'ग्रामीण भागातील कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि काम-कुटुंब समतोल' असा आहे. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग हसतो. त्याचं काही चुकत नाही. माझी शाळा उमरी तालुक्यातल्या एका खेड्यात, माझी खोली नांदेडला. बायकोची खोली उदगीरला, तिची शाळा तिथून पुढं दीड तासाच्या वाटेवर. पोरगी तिच्याजवळ. माणसं तीन आणि गावं चार. असल्या माणसानं समतोलावर संशोधन करायचं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहिरीची खोली मोजायला उतरण्यासारखं आहे. पण विषय मार्गदर्शक सरांनी दिला होता, आणि मार्गदर्शकानं दिलेला विषय नाकारायचा नसतो. मुंज्याला नारळ फोडल्यासारखं हात जोडून घ्यायचा असतो.

मला शनिवारी दुपारी सुटी व्हायची. जीपनं नांदेड, तिथून उदगीरची बस. पोचेपर्यंत पोरगी पेंगुळलेली असायची. रविवार एक दिवस आम्ही तिघं एकत्र. त्यातला अर्धा दिवस बायको आठवडाभराचे कपडे, दळण, भाजी आणि माझ्याशी भांडण उरकण्यात घालवायची. सोमवारी पहाटे मी परत निघायचो तेव्हा पोरगी झोपेत असायची. एकदा तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं होतं की आमचे पप्पा रविवारी येतात आणि रविवारी संपतात. काकूंनी ते मला हसत हसत सांगितलं. मलाही तेव्हा हसावं लागलं.

आता आमच्या नोकरीतली एक गंमत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नियम असा की सरकारी नोकर ज्या गावात नोकरी करतो त्याच गावात त्यानं राहायचं. त्याला 'मुख्यालयी राहणे' म्हणतात. राहिला तर घरभाडे भत्ता, नाही राहिला तर चौकशी. आणि राहतो हे कुणी सांगायचं? ग्रामपंचायतीनं. वर्षाला एक दाखला आणून द्यायचा की अमुक अमुक गुरुजी आमच्या गावात घर नंबर अमुकमध्ये राहतात. तालुक्यातले झाडून सगळे गुरुजी, मॅडम, नर्सबाई हा दाखला देतात, आणि झाडून सगळे सकाळी आठला नांदेडहून जीपमध्ये बसतात. याला आमच्याकडं अप-डाउन म्हणतात. अमुक काय करतो विचारलं तर लोक सांगतात, अप-डाउन करून राहिलाय. नोकरी काय आहे ते नंतर विचारतात.

आमच्या जीपमध्ये आम्ही अकरा जण. त्यात सात मास्तर, दोन मॅडम, एक नर्सबाई आणि आमच्या गावचा ग्रामसेवक. म्हणजे जो माणूस आम्ही गावात राहतो असा दाखला द्यायचा, तो स्वतः आमच्याच जीपमध्ये खिडकीची जागा धरून असायचा. शिक्का त्याच्या बॅगेतच असे. मुदखेडच्या रेल्वे फाटकाला जीप थांबली की तो मांडीवर वही ठेवून दाखले करायचा. पहिल्या वर्षी माझा दाखला करताना त्यानं मान वर न करता विचारलं, "सर, एकटे की सहकुटुंब?"

तेव्हा माझं लग्न नवं होतं. लग्नानंतर आठ दिवसांत बायको तिच्या शाळेवर गेली होती आणि मी माझ्या. मी म्हणालो, सहकुटुंब लिहा. त्यानं लिहिलं, शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, तो शब्द वाचून मला फार बरं वाटलं होतं. कुठंतरी का होईना, आपला संसार लागला असं वाटलं. त्यानंतर दर वर्षी मागचा दाखला बघून पुढचा व्हायचा, त्यामुळं तो शब्दही दर वर्षी आपोआप येत गेला.

तर संशोधन. मार्गदर्शक सरांनी एक प्रश्नावली दिली. प्रत्येक विधानापुढं पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. 'मला कुटुंबासोबत पुरेसा वेळ घालवता येतो.' 'कामावरून घरी आल्यावर मला ताजेतवाने वाटते.' असली विधानं. आणि पहिल्या पानावर वय, शिक्षण, सेवेची वर्षं, आणि निवासस्थानापासून कामाच्या ठिकाणी पोचायला लागणारा वेळ. मी म्हटलं, चला, नमुना तर आपल्या मांडीला मांडी लावून बसतोय. फॉर्म वाटले जीपमध्ये. मग आजूबाजूच्या तीन-चार जीपमध्ये.

परत आलेले फॉर्म बघून मी डोक्याला हात लावला. पोचायला लागणारा वेळ, प्रत्येकानं लिहिलेला, 'चालत पाच मिनिटे'. कुणी उदार माणसानं 'दहा मिनिटे' लिहिलं होतं, त्याचं मुख्यालयाचं घर बहुतेक गावाच्या त्या टोकाला असावं. एका मॅडमनी तर माझ्यासमोर 'पाच मिनिटे' लिहिलं आणि लिहिता लिहिता ड्रायव्हरला म्हणाल्या, "जरा ओढा की ओ गाडी, कालबी परिपाठ चुकला." तेव्हा आम्हाला जीपमध्ये बसून पाऊण तास झाला होता.

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "मॅडम, हे काय लिहायलाव? ह्याच्यावर नाव कुठं विचारलंय? हे गुप्त राहतंय."

"नाव नाही विचारलं सर," त्या म्हणाल्या, "पण अक्षर तर माझंच हाय ना."

बाकीच्यांनी माना हलवल्या. आयुष्यभर सरकारी कागद भरलेल्या माणसांना गुप्त कागद ही काय चीज असते ते मी समजावत होतो. कागद म्हटला की तो वर जातो, वर गेला की खाली येतो, आणि खाली येताना त्याच्यासोबत खुलासा मागवणारं पत्र येतं, हे त्यांना माहीत होतं. खरं म्हणजे मलाही माहीत होतं. मी उगं संशोधक झालो होतो.

आणि एकदा पाच मिनिटं लिहिली की पुढचं सगळं त्याच चालीनं भरावं लागतं. पाच मिनिटांत घरी जाणारा माणूस थकलेला कसा असेल? त्याला पोरांचा अभ्यास घ्यायला वेळ कसा मिळणार नाही? म्हणून सगळ्यांना ताजंतवानं वाटत होतं. सगळ्यांना वेळ पुरत होता. नर्सबाईंचे मालक पुण्याला कंपनीत होते, सहा महिन्यांतून एकदा यायचे. 'माझ्या कामामुळे वैवाहिक जीवनावर परिणाम होतो' या विधानापुढं त्यांनी 'पूर्ण असहमत'वर एवढी ठसठशीत खूण केली होती की कागद मागून फुगला होता.

मी गठ्ठा घेऊन मार्गदर्शक सरांकडं गेलो आणि सांगितलं, सर, हे सगळं खोटं आहे, मी ह्यांच्यासोबत रोज जीपमध्ये असतो. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तुम्ही जीपमध्ये जे पाहिलं ती तुमची माहिती. फॉर्ममध्ये जे आलं ती सामग्री. प्रबंध सामग्रीवर होतो." मग पानं चाळत म्हणाले, "समतोल फारच चांगला दिसतोय. निष्कर्ष आश्वासक आहेत." मी घरी आलो आणि आश्वासक निष्कर्षांचं प्रकरण लिहायला घेतलं.

एक फॉर्म मी बायकोलाही दिला होता. तिनं मात्र खरं लिहिलं, जायला दीड तास, यायला पावणेदोन. 'मला कुटुंबासोबत पुरेसा वेळ घालवता येतो' या विधानापुढं तिनं खूणच केली नाही, समासात लिहिलं, 'अर्ध्या कुटुंबासोबत येतो.' मी म्हणालो, इथं नुसती खूण करायची असते, लिहायचं नसतं. ती म्हणाली, "मग तुमच्या चौकोनांत मी बसत न्हाई." तिनं तो कागद परत घेतला आणि त्याच्यावर पोरीला चित्र काढायला दिलं.

या सगळ्यात आमचं खरं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. बदल्यांमध्ये 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाचा एक प्रकार असतो. नवरा-बायको दोघं नोकरीत असून लांब लांब असतील तर एकाला दुसऱ्याजवळ आणतात. मी लातूर जिल्ह्यात, उदगीरकडं यावं असा आमचा अर्ज होता. जूनमध्ये पोरगी पहिलीत जाणार होती. त्याच्या आत आपण एका घरात असलं पाहिजे असं बायकोनं मनावर घेतलं होतं. तिनं उदगीरला दोन खोल्यांचं घरसुद्धा बघून ठेवलं होतं. त्याला मागं थोडी मोकळी जागा होती, आणि तिथं कढीपत्ता लावायचा की लिंबू यावर आमची दोन रविवारची भांडणं झाली होती. तशी भांडणं मला आवडायची.

होळीच्या आधी नांदेडच्या जिल्हा परिषदेचं पत्र आलं. अर्जदार सहकुटुंब मुख्यालयी राहत असल्याचे दाखल्यावरून दिसून येते, सबब एकत्रीकरणाची आवश्यकता काय याचा खुलासा पती व पत्नी या दोघांनी मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहून करावा. मी ते पत्र तीनदा वाचलं. वेगळे राहतो म्हणून एकत्र आणा असा आमचा अर्ज, आणि त्याच्याच फायलीत आम्ही एकत्र राहतो याचा आठ वर्षांचा पुरावा. तो पुरावा मीच, माझ्या हातानं, दर वर्षी वेळेवर नेऊन दिलेला.

जीपमध्ये ही बातमी माझ्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी कुणी खिडकीवरून भांडलं नाही. एक जण म्हणाला, सर, जरा दमानं घ्या. दुसऱ्यानं विचारलं, "ते आमचे फॉर्म कुठं ठेवलेत तुम्ही? त्याच्यात आमची अक्षरं हायत." मी म्हणालो, त्या फॉर्मप्रमाणं तर तुम्ही सगळे गावातच राहता, घाबरता कशाला? त्यावर त्यानं मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. ग्रामसेवक मुदखेडपर्यंत बॅग मांडीवर धरून बसला होता. फाटकाला गाडी थांबल्यावर हळूच म्हणाला, "सर, तुमच्या दाखल्यावर सही माझी हाय. तुमचा एक खोटा निघाला की ते सगळे काढून बघतील. मला बी लेकरं हायत."

त्या रविवारी उदगीरला दुपारी आम्ही दोघं बोलत बसलो. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. बायको ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "दोघं बी खरं सांगू. चौकशी लागंल, लागू दे. भत्त्याची वसुली लागंल, फेडू. वर्ष-दोन वर्षं बेजार होऊ आणि मग सुटू. पण आता एका घरात राहायचं."

मी म्हणालो, हाव.

"नक्की ना?"

"अगं, नक्की."

मी ते मनापासून म्हणालो होतो. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

सुनावणीला ऑफिसात आम्हाला दुपारी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. टेबलाखाली त्यांचा डबा होता आणि नजर घड्याळाकडं होती, तेही कुठून तरी अप-डाउनच करत असणार. त्यांनी माझी फाईल उघडली, माझा दाखला वाचला. मग बायकोनं आणलेली तिची फाईल उघडली आणि वाचता वाचता थांबले. बायकोच्या गावच्या ग्रामपंचायतीचा छापील नमुना होता. त्यात 'सहकुटुंब' हा शब्द आधीच छापलेला होता, आणि तिनं तो कधी नीट बघितलाच नव्हता.

साहेब म्हणाले, "सर सहकुटुंब उमरी तालुक्यात राहतात. मॅडम सहकुटुंब उदगीर तालुक्यात राहतात. म्हणजे तुम्ही दोघं दोन्ही ठिकाणी एकत्र राहता. एवढं एकत्र तर मी आणि माझी बायकोही राहत नाही."

बाजूला बसलेला क्लार्क हसला. मीही हसलो. बायको हसली नाही. ती म्हणाली, "दोन्ही दाखले खोटे आहेत साहेब. मी उदगीरला राहते, हे नांदेडला. आम्ही आठवड्यातून एक दिवस भेटतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही तुमच्यापुरतं सांगा. सरांचं सर सांगतील. तुमचा दाखला खरा का खोटा?"

"खोटा."

"लिहून देणार?"

"देते."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणसाच्या मनात एका क्षणात किती गोष्टी मावतात यावर खरं संशोधन व्हायला पाहिजे. माझ्या मनात ग्रामसेवकाची लेकरं आली. नर्सबाई आल्या. पुढच्या महिन्यात जमा करायचा प्रबंध आला, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाचा प्रबंध कुणी पुढं सरकवील का, हा प्रश्न आला. ज्या माणसाचा स्वतःचा दाखला खोटा निघाला त्यानं जमवलेले फॉर्म खरे कोण मानणार, हेही आलं. सगळी कारणं चांगली होती. चांगली कारणं नेमकी अशाच वेळी घाईनं येतात. आणि मी काय बोलतोय हे मला कळायच्या आत मी म्हणालो, "माझा खरा आहे साहेब."

क्लार्कनं ते लगेच लिहून घेतलं. साहेबांना मोकळं वाटल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम तुमच्याकडं मुख्यालयी राहतात आणि तिथून उदगीरकडं जातात. मग तुम्ही एकत्रच आहात." त्यांनी अर्जावर तसं लिहिलं. बायकोचा जबाब पुढच्या कारवाईसाठी तिच्या जिल्ह्याला पाठवायचा ठरला. तिनं दोन ठिकाणी सही केली. तिचं अक्षर फार वळणदार आहे, वर्गात फळ्यावर तारीख लिहिते तसं तिनं नाव लिहिलं. माझ्या कागदावर मी सही केली तेव्हा तिनं बघितलं नाही.

बाहेर आल्यावर ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं. बसस्टँडवर तिनं पिशवीतून भाकरी-चटणीचं फडकं काढलं, माझ्या हातात दिलं, म्हणाली, तुमच्यासाठी बांधून आणलं होतं. मग ती उदगीरच्या बसमध्ये चढली. मी ती भाकरी खाल्ली नाही, आणि टाकूनही देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये माझा सत्कारच झाला म्हणायचा. उमरीला गाडी थांबवून सगळ्यांनी मला भजी खाऊ घातली. ग्रामसेवकानं खिडकीची जागा मला दिली. एक मास्तर म्हणाले, सरांनी सगळ्यांची अब्रू राखली. मी भजी खाल्ली. भजी गरम होती आणि मला भूक होती, हे काही मी लपवत नाही.

पुढच्या रविवारी बायको म्हणाली, नका येऊ, मला काम आहे. मी गेलो नाही. आणि सोमवारी, शाळेत पोरांची खिचडी वाढणं चालू होतं, तेव्हा फाटकातून ती आत आली. एका हाताला पोरगी, दुसऱ्या हातात वळकटी, खांद्याला बॅग. हेडमास्तर उठून उभे राहिले. ती त्यांना नमस्कार करून म्हणाली, "मी राहायला आले सर. कागदावर मी इथंच राहते. चार दिवसांची रजा टाकलीय."

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिचडीच्या पातेल्याकडं बघितलं.

तिच्याजवळ माझ्या दाखल्याची झेरॉक्स होती. त्यावरचा घर नंबर तिनं मला दाखवला आणि म्हणाली, "चला, आपलं घर दाखवा. आठ वर्षं राहायलोय आपण तिथं, मला अजून बघायचंय." मला ते घर कुठं आहे हे माहीत नव्हतं. ग्रामसेवक त्या दिवशी दुसऱ्या गावी होता. शेवटी हेडमास्तरच पुढं झाले आणि आम्ही तिघं त्यांच्या मागं गावातून निघालो. लोक ओट्यावरून बघत होते. त्या पाच मिनिटांइतकी शरम मला त्या ऑफिसातही वाटली नव्हती.

घर एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्या सुपात डाळ घेऊन बसल्या होत्या. घर नंबर म्हणजे त्यांच्या अंगणातली पत्र्याची एक खोली, आणि तिच्यात कडबा भरलेला. हेडमास्तरांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हाव, हीच की सरांची खोली. दर साल कागद करून नेतेत. सर काय कधी आले न्हाईत." मग बायकोकडं आणि पोरीकडं बघून म्हणाल्या, "राहा की बाई. कडबा काय, काढून ठिवता येतंय."

आम्ही कडबा काढला. मी, बायको, हेडमास्तर, आणि बाईंची सून. खोली झाडली, शेण-मातीनं सारवली, वळकटी सोडली. पाच वाजून दहा मिनिटांनी जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वेशीतून हाका मारत होता, सर, येताव की न्हाई? मी जाऊन त्याला सांगितलं, आज राहणार आहे. तो म्हणाला, कुठं? मी म्हणालो, मुख्यालयी. जीपमधले सगळे माझ्याकडं असं बघत राहिले की जणू मी त्यांना शिवी दिली.

तीन दिवस आम्ही त्या खोलीत राहिलो. ते दिवस चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. बायको माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. मीठ कमी पडलं, पाणी भरा, पोरीला आंघोळ घाला. सकाळी पोरगी माझ्या बोटाला धरून शाळेत यायची आणि पहिलीच्या वर्गात बसायची. एकदा मी घड्याळ लावून बघितलं, खोलीपासून शाळा चालत चार मिनिटांवर होती. शाळा सुटल्यावर घरी आलो तर खरंच ताजंतवानं वाटायचं. संध्याकाळी म्हाताऱ्या बाई वरणाची वाटी घेऊन यायच्या आणि पोरीशी गप्पा मारत बसायच्या. प्रश्नावलीतलं एकेक विधान डोळ्यांसमोर खरं होत होतं, आणि मला वाटायला लागलं की बायकोनं मला माफ केलं.

गुरुवारी सकाळी ती निघाली. शुक्रवारी तिला तिच्याकडच्या ऑफिसात जबाब द्यायचा होता. मी तिला सोडायला फाट्यावर गेलो. बस यायला वेळ होता. पोरगी रस्त्याकडेचे दगड गोळा करत होती. मी म्हणालो, मीही येतो उद्या, तिथल्या साहेबांना सांगतो की माझाही दाखला खोटा होता.

"आता नका सांगू," ती म्हणाली. "आता लिहून झालंय. त्यानं तुमचं बी जाईल आणि माझं बी यायचं न्हाई."

तिनं पोरीला रस्त्यापासून आत ओढलं. मग तिनंच विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही गप उगं का बसला नाहीत?"

मी म्हणालो, "अगं, साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं."

"विचारू द्यायचं. मी बोलले होते की दोन्ही खोटे आहेत. माझं बोलून झालं होतं. तुम्ही घाबरलात ते मला दिसत होतं, तुमचा पाय हलत होता. मी म्हटलं, असू दे, ह्यांच्यानं खरं बोलवायचं न्हाई. नुसतं उगं बसले तरी साहेबांना कळंल. आणि नाही कळलं तरी मला कळलं असतं की तुम्ही माझ्या शेजारी बसलाव."

बस आली. तिनं पोरीला आधी चढवलं, मग बॅग, मग वळकटी माझ्या हातातून घेतली. मी दाराशी उभा होतो, कंडक्टरनं घंटी मारली. तिनं माझ्याकडून खरं बोलण्याची आशा त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच सोडली होती. तिला मी फक्त गप्प बसायला हवा होतो, आणि मला तेवढंही जमलं नव्हतं.